मोबाईल आणि मायक्रोस्कोपने पेशी कशी बघायची? सोप्या भाषेत संपूर्ण माहिती

आज विषय कॅमेऱ्याचाच आहे, पण फोटो काढायचाय तो पेशीचा. ही पेशी किती लहान असते हे समजायला आधी एक हिशोब करू. तुमच्या फोनच्या माहितीत '४०० पीपीआय' असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे स्क्रीनच्या एका इंचात ४०० पिक्सेल. एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). भागाकार केला की एक पिक्सेल साधारण ६३ मायक्रॉनचा निघतो. आणि तुमच्या गालाच्या आतल्या बाजूची एक पेशी असते साधारण ५० ते ६० मायक्रॉन रुंद. म्हणजे तुम्ही आत्ता हे वाचताना ज्या पिक्सेलकडे बघताय, जवळपास तेवढी एक पेशी. डोळ्याला तो पिक्सेल वेगळा दिसत नाही, तशीच पेशीही दिसत नाही.

पण स्क्रीनवर पाण्याचा बारीक थेंब पडला की त्यात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसायला लागतात. पावसात फोन बाहेर काढणाऱ्या प्रत्येकाने हे बघितलेलं आहे. तो थेंब म्हणजे भिंग. आज आपण जे काही करणार आहोत त्याची सुरुवात एवढीच आहे.

हा लेख लिहायला कारण झाला माझा आतेभाऊ. अकरावी सायन्सला आहे, दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवलेत, आणि परवा एक लिंक पाठवून विचारतो, "दादा, १६०० एक्सवाला घेऊ का? कॉलेजातला तर फक्त ४०० एक्सच आहे." त्याच्या कॉलेजात एका प्रॅक्टिकलला पोरं जास्त आणि मायक्रोस्कोप कमी, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट येतं. त्या अर्ध्या मिनिटात त्याने वहीत जे काढलं होतं ते, फोटो बघून सांगतो, हवेचा बुडबुडा होता. पैसे त्याचे आहेत आणि थोडेच आहेत, म्हणून त्याला जे फोनवर सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवतोय.

१६०० एक्स म्हणजे नक्की काय?

साध्या प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपला दोन भिंगं असतात. स्लाइडजवळचं ते ऑब्जेक्टिव्ह आणि डोळ्याजवळचं ते आयपीस. ऑब्जेक्टिव्ह ४ एक्स, १० एक्स, ४० एक्स, कधी १०० एक्स. आयपीस बहुतेक वेळा १० एक्स. दोघांचा गुणाकार म्हणजे एकूण मोठेपणा. ४० गुणिले १० म्हणजे ४००.

आता विक्रेता काय करतो? डब्यात एक १६ एक्सचं आयपीस जास्तीचं टाकतो. १०० गुणिले १६, झाले १६००. गणित बरोबर आहे, पण उपयोग शून्य. का ते सांगतो.

व्हॉट्सॲपवर कुणाचा डीपी उघडून दोन बोटांनी झूम केलाय कधी? चेहरा मोठा होतो, पण डोळ्याच्या पापण्या दिसत नाहीत, कारण फाईलमध्ये ती माहितीच नाही. मायक्रोस्कोपचंही तसंच. आयपीस फक्त झूम करतं. माहिती गोळा करायचं काम ऑब्जेक्टिव्हचं, आणि ते किती बारीक गोष्टी वेगळ्या दाखवू शकतं हे त्याच्यावर छापलेल्या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. ४० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवर '४०/०.६५' असं लिहिलेलं असतं. हा ०.६५ म्हणजे न्यूमेरिकल ॲपर्चर, थोडक्यात एनए. भिंग वस्तूकडून किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप.

अर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये ही मर्यादा मांडली. सूत्र सोपं आहे: प्रकाशाची तरंगलांबी भागिले एनएची दुप्पट. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉनचा धरला, तर ०.६५ एनएला उत्तर येतं सुमारे ०.४२ मायक्रॉन. यापेक्षा जवळ असलेले दोन ठिपके एकच दिसणार, मग आयपीस कितीचंही लावा. ४ एक्सच्या ऑब्जेक्टिव्हचा एनए ०.१०, मर्यादा पावणेतीन मायक्रॉन. १० एक्सचा ०.२५, मर्यादा १.१. आणि १०० एक्सचा १.२५, मर्यादा ०.२२ मायक्रॉन, पण त्यासाठी भिंग आणि कव्हरस्लिपच्या मध्ये खास तेलाचा थेंब लागतो. घरातलं खोबरेल तेल चालत नाही, भिंगाची वाट लागते.

एक ढोबळ नियम आहे: एकूण मोठेपणा एनएच्या हजारपटीच्या वर नेण्यात अर्थ नाही. म्हणजे ४० एक्सच्या भिंगाने ६५० पर्यंत ठीक, १०० एक्सच्या भिंगाने १२५० पर्यंत. १६०० चा आकडा फक्त खोक्यावर शोभतो.

तोच न्याय मेगापिक्सेलला. ४० एक्सच्या भिंगातून दिसणारं गोल वर्तुळ साधारण ०.४५ मिलिमीटर व्यासाचं असतं. तुमच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ते वर्तुळ ३००० पिक्सेल रुंद आलं, तर एक पिक्सेल झाला ०.१५ मायक्रॉनचा. भिंगाची मर्यादा ०.४२. म्हणजे जुना १२ मेगापिक्सेलचा फोनसुद्धा भिंग देतं ती सगळी माहिती आरामात पकडतो. २०० मेगापिक्सेलवाल्याला इथे काही जास्त मिळत नाही.

मग घ्यायचा कोणता?

फोनला लावायचं क्लिप लेन्स सगळ्यात स्वस्त. मुंगीचे डोळे, मिठाचे खडे, नोटेवरची बारीक अक्षरं, स्क्रीनचे पिक्सेल यासाठी मजेदार आहे. चांगल्या प्रकाशात कांद्याच्या पेशींच्या चौकटीही दिसतात. पण केंद्रकाच्या पुढे जायची अपेक्षा ठेवू नका.

यूएसबी किंवा वायफायवाला 'डिजिटल मायक्रोस्कोप' म्हणजे मुळात जवळ फोकस होणारा वेबकॅम. वरून प्रकाश टाकतो, त्यामुळे सर्किट बोर्डचं सोल्डरिंग बघायला उत्तम. मी स्वतः त्यासाठीच वापरतो. त्याच्यावरचा '१००० एक्स' हा आकडा तर मोजताच येत नाही, कारण तो स्क्रीनच्या आकारावर अवलंबून आहे. त्याच चित्राला टीव्हीवर टाका, आकडा आणखी वाढेल! पेशींसाठी हा घेऊ नका.

फोल्डस्कोप हा माझा आवडता प्रकार. स्टॅनफर्डमधले मनु प्रकाश (मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरमधून शिकलेले) आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये याची माहिती प्रसिद्ध केली. कागद घडी घालून बनवायचा, आत काचेच्या मण्यासारखं एकच छोटं भिंग. मोठेपणा १४० पट, आणि सुमारे दोन मायक्रॉनपर्यंतचं दिसतं. फोन चुंबकाने चिकटवता येतो. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने शाळा-कॉलेजांसाठी त्यावर कार्यक्रमही राबवला. कल्पना नवी नाहीये. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी अँटोन व्हॅन लेव्हेनहूक एकाच बारीक भिंगाचे मायक्रोस्कोप स्वतः घासून बनवायचा. त्याचं आज शिल्लक असलेलं सर्वात ताकदवान भिंग सुमारे २७० पटीचं आहे. अशा मायक्रोस्कोपमधूनच त्याने पाण्यातले सूक्ष्मजीव बघितले आणि १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. फोल्डस्कोप हे त्याच घराण्यातलं.

आणि चौथा, विद्यार्थ्यांचा साधा कंपाउंड मायक्रोस्कोप. आपल्याकडे शाळांना जातात ते बरेचसे अंबाल्यात बनतात. ४, १० आणि ४० एक्सची काचेची भिंगं, खाली कंडेन्सर आणि डायफ्रॅम, बारीक फोकसचा वेगळा स्क्रू: एवढं असेल तर नवा-जुना बघू नका. आतेभावाला मी हाच सांगितला, तोही ज्यांच्याकडे आधीपासून पडून आहे अशा कुणाकडून जुना. १०० एक्सचं भिंग नसलेला घेतला तरी बारावीपर्यंत काही अडत नाही.

फोन आयपीसवर लावायची पद्धत

आयपीसच्या वर पांढरा कागद धरा आणि हळूहळू वर न्या. एका उंचीवर प्रकाशाचा ठिपका सर्वात लहान आणि रेखीव होतो. साधारण एक-दोन सेंटिमीटरवर. फोनच्या कॅमेऱ्याचं भिंग बरोबर त्या जागी आलं पाहिजे. जास्त जवळ किंवा लांब गेलं की कडेने काळं दिसतं. हाताने धरून एखादा फोटो येतो, पण रोज वापरायचं तर जाड पुठ्ठ्याची रिंग करा किंवा अडॅप्टर घ्या.

आता सेटिंग. मुख्य, म्हणजे १ एक्सचा कॅमेरा वापरा. जवळ नेल्यावर काही फोन आपोआप वाइड कॅमेऱ्यावर उडी मारतात, ते मॅक्रो मोड बंद करा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, आणि त्यानंतर फोकस फक्त मायक्रोस्कोपच्या स्क्रूने. तीन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर बटण दाबल्याच्या धक्क्याने चित्र हलतं. व्हिडिओत पट्टे धावताना दिसले तर ते दिव्याचं लुकलुकणं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा.

एक गोष्ट इथे जरा थांबून सांगायला हवी, कारण मी सॉफ्टवेअरवाला आहे. फोनचा नेहमीचा फोटो मोड चित्र 'सुधारतो'. कडा धारदार करतो, दाणेदार भाग नॉइज समजून पुसून टाकतो. माणसाच्या चेहऱ्यावर ते छान दिसतं. पण पेशीद्रव मुळातच दाणेदार असतो! तो गुळगुळीत झाला तर तुम्ही पेशी नाही, सॉफ्टवेअरचं मत बघताय. उलट पेशीभित्तिकेच्या बाजूला धारदारपणामुळे एक पांढरी रेघ येते आणि भिंत दुहेरी वाटते. डिजिटल झूम जास्त केला की काही फोन तपशील स्वतःच भरतात. म्हणून प्रो मोड, शक्य असेल तर रॉ फाईल, आणि ब्युटी-बिटी सगळं बंद. प्रॅक्टिकलच्या वहीसाठी काढत असाल तर डोळ्याने बघूनच काढा, फोटो फक्त आठवणीला.

पहिली स्लाइड: कांदा

कांद्याची एक मांसल पाकळी घ्या. ती मोडली की आतल्या, खोलगट बाजूला पारदर्शक पापुद्रा सुटतो. चिमट्याने त्याचा नखाएवढा तुकडा काढा. स्लाइडवर पाण्याचा थेंब आधी, मग त्यात पापुद्रा, सुरकुती न पडता. कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून तिरकी धरा आणि सुईने हळू खाली सोडा. वरून धपकन टाकली की हवा अडकते. जाड काळ्या कडेचं, एकदम गोल आणि आतून रिकामं काही दिसलं तर तो बुडबुडाच. पेशी एवढ्या गोल आणि एवढ्या ठळक कधीच नसतात.

रंगासाठी कॉलेजात सॅफ्रनिन असतं. घरी असाल तर मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून चालतं. कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेला टिश्यू पेपर लावा, रंग आपोआप खालून ओढला जातो.

सुरुवात नेहमी ४ एक्सने. फोकस मिळाला की १०, मग ४०. ४० वर गेल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही. भिंग आणि काच यांच्यात तिथे मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असतं, आणि काच फुटते ती याच क्षणी. आणखी एक: प्रकाश कमी करा. नवीन माणूस दिवा पूर्ण वाढवतो, डायफ्रॅम सताड उघडा ठेवतो, आणि मग म्हणतो काहीच दिसत नाही. पेशी जवळजवळ पारदर्शक असते, भरपूर उजेडात ती विरघळून जाते. डायफ्रॅम हळूहळू बंद करा, कडा उमटायला लागतील. माझ्या मते या अख्ख्या लेखातली सर्वात कामाची ओळ हीच आहे.

आता दिसेल विटांच्या भिंतीसारखी रचना. प्रत्येक वीट एक पेशी. विटेची कड म्हणजे पेशीभित्तिका. एका बाजूला ढकललेला गडद ठिपका म्हणजे केंद्रक. तो मधोमध का नाही? कारण मधली जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली आहे. पेशीद्रव आणि केंद्रक बिचारे भिंतीला चिकटून बसलेत. आणि हिरवं काहीच नाही, कारण कांदा जमिनीखाली वाढतो, त्याला हरितलवकांची गरज नाही. हा तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न आहे बरं का.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने 'मायक्रोग्राफिया' या पुस्तकात बुचाच्या पातळ कापातले असेच कप्पे रेखाटले आणि त्यांना कोठडी या अर्थाचा 'सेल' शब्द वापरला. गंमत म्हणजे त्याने बघितल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. सगळे सजीव पेशींचेच बनलेले असतात, हे वनस्पतींसाठी श्लायडेनने १८३८ मध्ये आणि प्राण्यांसाठी श्वानने १८३९ मध्ये मांडलं. मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली.

दुसरी स्लाइड: तुमचा गाल

चूळ भरा. इअरबडने गालाची आतली बाजू हलकी घासा, रक्त येईपर्यंत नाही! स्लाइडवर फिरवा, वाळू द्या, मग मिथिलीन ब्लूचा एक थेंब. हे मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळतं, पातळ करून वापरा. कपड्यांवर पडलं तर जात नाही, आईच्या ओरड्याला मी जबाबदार नाही. नंतर तो इअरबड आणि स्लाइड ब्लीचच्या पाण्यात टाका, आणि दुसऱ्याचा इअरबड वापरू नका.

इथे विटा नाहीत. पसरलेल्या, दुमडलेल्या, वेड्यावाकड्या चकत्या दिसतात, अगदी चुरगळलेल्या पापडासारख्या. प्राणी पेशीला भित्तिका नसते, हे पाठ केलेलं वाक्य इथे डोळ्यांनी कळतं. मधोमध निळं केंद्रक, सहा-आठ मायक्रॉनचं. ४० एक्सवर नीट बघितलं तर पेशीवर आणखी बारीक निळे ठिपके दिसतील. तो कचरा नाही, ते तुमच्या तोंडातले जीवाणू आहेत, साधारण एकेक मायक्रॉनचे. केंद्रक आणि जीवाणू यांच्यातला आकाराचा फरक एकाच फोटोत मिळतो, याहून चांगला धडा मला माहीत नाही.

त्या सहा-आठ मायक्रॉनच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळलेला आहे. अक्षरं मोजली तर दोन्ही प्रती मिळून सुमारे ६४० कोटी. चारच प्रकारची अक्षरं, म्हणजे एका अक्षराला दोन बिट. हिशोब करा: साधारण १.६ जीबी. आणि तीच फाईल जवळपास प्रत्येक पेशीत. गालाची पेशी आणि यकृताची पेशी वेगळी वागते ती वेगळी फाईल आहे म्हणून नाही, त्याच फाईलमधले वेगळे भाग चालू आहेत म्हणून. प्रौढ लाल रक्तपेशी मात्र केंद्रकच टाकून देते, तिच्यात ही फाईल नसते.

तिसरी: चालती-फिरती पेशी

वर सांगितलेल्या दोन्ही स्लाइड स्थिर असतात, म्हणून पोरांना वाटतं पेशी म्हणजे डबा. हायड्रिला आणा. तळ्यात उगवतं, ॲक्वेरियमच्या दुकानातही मिळतं. टोकाकडचं एक कोवळं पान तोडून पाण्याच्या थेंबात ठेवा, रंग वगैरे काही नको. पान फक्त दोन पेशींच्या जाडीचं असतं, म्हणून कापायचीही गरज नाही. थोडा वेळ उजेडात ठेवून ४० एक्सवर बघा. हिरवी हरितलवकं पेशीच्या कडेकडेने रांगेत फिरताना दिसतात, रिंगरोडवरच्या गाड्यांसारखी. ती स्वतः पोहत नाहीत, वाहतोय तो पेशीद्रव. फोटो नाही, व्हिडिओ काढा. मी हा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा आमच्या आत्याने विचारलं, "हे गेम आहे का रे?"

घराच्या कुंडीत रिओ असेल (पानं वरून हिरवी, खालून जांभळी) तर खालचा जांभळा पापुद्रा काढा. आधी पाण्यात बघा, पेशी जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेल्या. मग मिठाचं दाट पाणी कडेने सोडा. दोन-पाच मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत गोळा होतो. हाच पुस्तकातला रससंकोच. पाणी बाहेर गेलं, आतली पिशवी आकसली, भिंत मात्र जागेवर. प्रद्रव्यपटल इतकं पातळ असतं (मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी) की या मायक्रोस्कोपने ते कधीच दिसणार नाही, पण इथे ते आहे आणि भिंतीपेक्षा वेगळं आहे, हे सिद्ध होतं. लोणच्याची कैरी मीठ लावल्यावर पाणी का सोडते, तेही हेच.

पुस्तकातली आकृती का दिसत नाही?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला गेलाय. आकृतीत तंतुकणिका, गॉल्गी, आंतर्द्रव्यजालिका, रायबोझोम सगळं रंगीत आणि ठसठशीत असतं. प्रत्यक्षात दिसतं एक ठिपका आणि एक कड. मायक्रोस्कोप खराब नाहीये. ०.४२ मायक्रॉनची मर्यादा आठवा. तंतुकणिका अर्धा ते एक मायक्रॉन रुंद, म्हणजे अगदी काठावर, आणि खास रंगाशिवाय नाहीच. रायबोझोम सुमारे ०.०२५ मायक्रॉन. करोनाचा विषाणू ०.१ च्या आसपास. हे प्रकाशाच्या मर्यादेच्या खाली आहेत, त्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. पुस्तकातली आकृती म्हणजे अनेक पद्धतींनी घेतलेल्या हजारो चित्रांमधून बनवलेला नकाशा आहे. गुगल मॅपवर रस्ता पिवळा असतो म्हणून गल्लीत जाऊन पिवळा रस्ता शोधायचा नसतो.

पेशी एवढी छोटी का, हेही मापातूनच कळतं. १० मायक्रॉनचा एक ठोकळा धरा: पृष्ठभाग ६००, घनफळ १०००. आता १०० मायक्रॉनचा: पृष्ठभाग ६० हजार, घनफळ १० लाख. घनफळ हजारपट झालं, पण अन्न आत घ्यायचं दार फक्त शंभरपट. शिवाय आत पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दहापट अंतराला शंभरपट वेळ. म्हणून हत्तीच्या पेशी उंदरापेक्षा मोठ्या नसतात, संख्येने जास्त असतात.

मोजमाप कसं करायचं?

४ किंवा १० एक्सवर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी स्लाइडसारखी ठेवून फोटो काढा. मिलिमीटरच्या एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंत पिक्सेल मोजा. समजा १० एक्सवर २००० पिक्सेल आले, तर एक पिक्सेल अर्ध्या मायक्रॉनचा. त्याच झूमवर काढलेल्या फोटोत कांद्याची पेशी ६२० पिक्सेल लांब असेल, तर ती ३१० मायक्रॉन. ४० एक्सला हाच आकडा चारने भागा, ढोबळ मापाला पुरतो. कॉम्प्युटर असेल तर इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ते तयार झालं आणि संशोधकही तेच वापरतात. फोनचा झूम मध्येच बदलला तर सगळं माप बिघडतं.

फोन आणि मायक्रोस्कोपचं खरं काम

हे फक्त छंदाचं नाही. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा कृमी रक्तात फिरतो. नदी-अंधत्वावर दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन हे औषध, ज्याच्या रक्तात हे कृमी खूप जास्त आहेत त्याला दिलं, तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. म्हणजे औषध देण्याआधी गावातल्या प्रत्येकाचं रक्त तपासणं आलं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॅनियल फ्लेचर यांच्या प्रयोगशाळेने आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्यासाठी फोनवर चालणारा मायक्रोस्कोप दाखवला आणि कॅमेरूनमध्ये वापरला. बोटातून रक्ताचा थेंब, दोन-तीन मिनिटांत आकडा. इंजिनिअर म्हणून मला भावलं ते हे: त्यांचं सॉफ्टवेअर कृमीचा आकार ओळखत बसत नाही. कृमी वळवळतो तेव्हा आजूबाजूच्या रक्तपेशी हलतात, व्हिडिओतली ती हालचाल मोजतं. चित्र अगदी सुंदर नसलं तरी चालतं, ना रंग लागतो ना मोठं भिंग.

पण हे बघून घरी स्वतःचं बोट टोचू नका. रक्त बघायचं तर तयार स्लाइड विकत मिळते. आणि स्लाइडवर काही 'विचित्र' दिसलं म्हणून रोगाचं निदान तर अजिबात नाही. त्यासाठी पॅथॉलॉजिस्ट वर्षानुवर्षं शिकतात.

काळजी

खाली आरसा असलेला मायक्रोस्कोप असेल तर आरसा कधीही थेट सूर्याकडे फिरवू नका. भिंगातून आलेलं ऊन डोळा कायमचा खराब करू शकतं. खिडकीतला आकाशाचा उजेड किंवा टेबल लॅम्प पुरतो.

भिंग शर्टाला पुसायचं नाही. आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग लेन्स पेपर. आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांसाठी खास: पावसाळ्यात भिंगावर बुरशी येते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेच्या आत दिसले की समजा आली, आणि ती एकदा कोटिंगमध्ये शिरली की भिंग पूर्ववत होत नाही. जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोप लाकडी खोक्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यात येतात त्याही चालतात, फक्त महिन्यातून एकदा चांगल्या तापवून घ्या.